किती घेऊन निघायचं

वीणामावशीच्या घरातल्या पँट्रीला, म्हणजे कोठीच्या खोलीला, दार नव्हतं. बिजागऱ्यांच्या जागी लांबी भरून वर पांढरा रंग दिलेला होता, पण उन्हं तिरकी आली की ते दोन चौकोन उठून दिसायचे. टेक्सासमधल्या फ्रिस्को गावातल्या त्या घराची वरची खोली मी शिकत असताना दोन वर्षं भाड्याने घेतली होती. आधी मला वाटलं, दार दुरुस्तीला गेलं असेल. मग लक्षात आलं की मावशी स्वतः पँट्रीत कधी पाऊलच टाकत नाही. उंबऱ्याबाहेर उभी राहून सांगते, "अगं, तांदूळ काढून दे. तो नाही, त्याच्यामागचा डबा." मी कारण विचारलं नाही. मी सहसा विचारत नाही. माझी सगळी शाळा इंग्रजीत झाली. मराठीत बोलायचं तर वाक्य आधी मनात जुळवून बघते आणि तोवर समोरच्याचा विषय बदललेला असतो.

मावशी माझी सख्खी मावशी नव्हे. सांगलीला आईच्या वर्गात होती, एवढंच नातं. पहिल्याच दिवशी मी "तुम्ही" म्हणाले, तर म्हणाली, "मावशी म्हणतेस आणि तुम्ही काय? मी काय कलेक्टर आहे?" अट्ठावन्न वर्षांची, बुटकी, केस कापलेले, चालणं इतकं भरभर की मॉलमध्ये मला तिच्यामागे पळावं लागायचं. ती घरं विकायची. डॅलसच्या उत्तरेला दर सहा महिन्यांनी जिथे नवी वस्ती उभी राहते, तिथली रिकामी घरं नव्या नव्या माणसांना उघडून दाखवायची.

तिचं सगळं मोजलेलं असायचं. पाहुणे आठ म्हटल्यावर पोळ्या माणशी तीन, "आणि वर चार". इंडियाला जाताना बॅगेत औषधं दिवसांइतकी, आणि वर आठवड्याची. स्वयंपाकघरात वजनाचा काटा होता. त्यावर चकलीची भाजणीही चढायची आणि कुरिअरची पाकिटंही. "कमी पडलं तर कुणाच्या तोंडाकडे बघायचं?" हे तिचं ठरलेलं वाक्य. श्रीकांतकाका, म्हणजे तिचे यजमान, सॉफ्टवेअरमधले, घरूनच काम करणारे. ते लॅपटॉपवरून डोकं न उचलता म्हणायचे, "माझ्या तोंडाकडे बघ. मी कधी दुसऱ्यांदा मागत नाही."

शनिवारी सकाळी पोह्यांच्या बशा उचलल्या की त्याच टेबलावर ती एक जुना नॅपकिन अंथरायची, त्यावर पिस्तूल आणि त्याच्या गोळ्या. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मी जिन्यातच थांबले. तिने मान वर केली. "ये गं. रिकामं आहे. घाबरू नकोस, पण हातही लावू नकोस." मग चष्मा कपाळावर सरकवून एकेक गोळी मॅगझिनमध्ये दाबत बसली, करंज्यांच्या कडा दाबतात तशी, अंगठ्याने.

टेक्सासमध्ये पिस्तूल बाळगणारी माणसं कमी नाहीत. माझ्या वर्गातल्या एका मुलाच्या जीपमध्येही होतं. पण मराठी बाई, सांगलीची, गणपतीच्या आरत्या पाठ असलेली, आणि पर्समध्ये पिस्तूल, हे काही मला नीट जुळवता येईना. शनिवार-रविवारी मी तिच्याबरोबर ओपन हाऊसला, म्हणजे विकायचं घर कुणालाही बघायला खुलं ठेवतात तिथे, जायचे. ती बजावायची, "काम म्हणून नाही हं, तुझा व्हिसा सांभाळ. तू फक्त सोबत." सोबत असल्याने मला तिची पद्धत पाहायला मिळाली. गाडी कधी ड्राइव्हवेत लावायची नाही, रस्त्यावरच, म्हणजे मागून कुणी गाडी आडवी घालू शकत नाही. घरात शिरताना गिऱ्हाईक पुढे, ती मागे. वरच्या मजल्यावर "तुम्ही बघून या" म्हणून ती जिन्याच्या पायथ्याशी थांबायची. आणि स्वयंपाकघरात आल्यावर हात लांब करून म्हणायची, "धिस इज द पँट्री, प्लीज हॅव अ लुक." स्वतः बाहेरच.

गाडी चालवताना एकदा तिने ते सांगितलं. माझ्याकडे न बघता. बहुधा म्हणूनच सांगता आलं.

चार वर्षांपूर्वी एक गिऱ्हाईक आलं होतं. चांगले कपडे, बोलणं गोड, बायको संध्याकाळी येणार म्हणाला. तिने पँट्री दाखवायला दार उघडलं, आणि त्याने तिला आत ढकलून दाराला खुर्ची लावली. ढकलण्याआधी दारातच फोन, बांगड्या, अंगठी काढून घेतली होती. दुसरा एजंट येईपर्यंत ती अडीच तास आत बसली. फळीवर आधीच्या लोकांनी विसरलेला मिठाचा डबा होता, तो तिने हातात धरून ठेवला होता. डोळ्यांत फेकायला.

"बांगड्यांचं काही नाही गं," ती म्हणाली. "पण तो घरात आहे की गेला, तेच मला कळत नव्हतं. एक आहे की दोघं, तेही नाही. अडीच तास मी नुसती कान लावून बसले होते."

घरी आल्यावर काकांनी पहिल्या रविवारी आमच्या पँट्रीचं दार काढलं. तिसऱ्या महिन्यात तिने पिस्तुलाचं लायसन्स काढलं.

सुरुवातीला तिच्याकडे लहानसं रिव्हॉल्व्हर होतं. पाच गोळ्यांचं. ते तिच्या हातात बसायचंही नीट. पण ती नेमबाजीच्या रेंजवर ज्याच्याकडे शिकायला जायची तो डेल नावाचा माणूस, उंच, लाल दाढीचा, तिला "मिस व्हीना" म्हणणारा, त्याने एकदा विचारलं, "तुमच्या गाडीत स्पेअर टायर आहे ना?" एवढं तिला पुरलं. वर चार पोळ्या ठेवणाऱ्या बाईला स्पेअरचं गणित पटवावं लागत नाही. पाचाच्या दहा झाल्या, नवं पिस्तूल आलं. दहाच्या पंधरा झाल्या. मॅगझिनमध्ये पंधरा आणि एक नळीत आधीच चढवलेली, असं असतं म्हणे. डेल त्याला "फिफ्टीन प्लस वन" म्हणायचा. मावशीला फार आनंद झाला होता. "बघ, त्यांच्यातही वर एक असतो!"

"पंधरा?" काका म्हणाले. "एका घराला पंधरा खोल्या तरी असतात का?"

"दोघं असले तर?"

"दोघांना पंधरा?"

"सगळ्या लागतात का श्रीकांत? डेल म्हणतो, घाबरलेल्या माणसाचा हात थरथरतो, अर्ध्याअधिक फुकट जातात."

"फुकट म्हणजे कुठे जातात? भिंतीत? पलीकडच्या घरात? तुमची ती घरं पुठ्ठ्याची असतात."

त्याच आठवड्यात मावशीने एक जास्तीचं मॅगझिन घेतलं. म्हणजे एकतीस. मग तिने पर्स काट्यावर ठेवून बघितली, पंधरा काढून बघितली, पुन्हा घातली. खांदा दुखायला लागला होता. फिजिओथेरपिस्टने विचारलं, पर्समध्ये काय ठेवता? मावशी म्हणाली, कॅटलॉग.

तिची ती चुळबुळ हळूहळू सगळ्या घरात पसरली. दुकानात जायला निघालो की ती दारात थांबायची, आत जायची, परत यायची. जास्तीचं मॅगझिन घ्यायचं की नाही? एवढ्याशा कामाला काय, म्हणून ठेवायचं. गाडी सुरू केल्यावर, आणि आजच लागलं तर, म्हणून उतरून आणायचं. काका म्हणायचे, "वीणा, दूध आणायला चाललीस की पानिपतला?" ती हसायची, पण उतरायचीच. मला वाटायचं, गोळ्या वाढल्या की भीती कमी व्हायला हवी. तिचं उलट व्हायचं. प्रत्येक नवीन गोळीबरोबर तिला एक नवीन माणूस दिसायचा, ज्याच्यासाठी ती लागेल.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तर कठीण झालं. इकडे बायका आल्या की त्यांच्या पर्स आणि कोट वरच्या बेडरूममधल्या पलंगावर ढीग करून ठेवतात आणि मुलं त्याच खोलीत खेळतात. मावशी हिरव्या पैठणीवर काळी चामड्याची पर्स आडवी अडकवून सोफ्यावर बसून राहिली. यजमानीण ओटी भरायला आली, तर पदराच्या मध्ये पर्स. "वीणाताई, काढा की ती. आम्ही काही पळवत नाही."

"राहू दे. सवय आहे."

"सोनं घेऊन फिरता की काय?" कुणीतरी म्हणालं आणि सगळ्या हसल्या. मावशीही हसली. तेवढ्यात यजमानीणबाईंची पाच वर्षांची नात येऊन तिच्या पर्सची चेन ओढू लागली. "आजी, डू यू हॅव चॉकलेट?" मावशीने दोन्ही हातांनी पर्स धरली आणि इतक्या जोरात "नो!" म्हणाली की सगळ्या वळून बघायला लागल्या. मुलगी रडली. आम्ही तिळगूळ न खाताच निघालो. गाडीत ती म्हणाली, "त्या पलंगावर ठेवली असती तर?" दुसऱ्या दिवशी तिने गाडीच्या डिकीत कुलपाची लोखंडी पेटी बसवून घेतली. पण पेटीत ठेवलं की तिला कार्यक्रमात बसवेना. दर वीस मिनिटांनी उठून गाडीकडे बघून यायची.

आणि मग मार्चमधला तो शनिवार.

अशीच एक नवी वस्ती. सगळी घरं एका साच्यातली: तीच वीट, तोच करडा दरवाजा, तेच दोन ओक वृक्ष, अजून काठीला बांधलेले. ओपन हाऊस अकराला होतं, आम्ही दहालाच पोचलो. पाट्या गाडीतून आणायच्या म्हणून मावशीने पुढचं दार नुसतं लोटून ठेवलं होतं. ती मागे स्वयंपाकघरात होती. मी वर पडदे उघडत होते.

खिडकीतून मला एक म्हातारे गृहस्थ दिसले. माकडटोपी, तपकिरी स्वेटर, पांढरे बूट. मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलेले आणि सकाळचे फिरायला निघालेले आजोबा फ्रिस्कोत कुठेही दिसतात. हे आजोबा सरळ आमच्या ड्राइव्हवेवर वळले. थबकले नाहीत, पाटी शोधली नाही. आपल्या घरी यावं तसे आले.

मी तोंड उघडलं होतं. "मावशी, कुणीतरी येतंय," एवढंच म्हणायचं होतं. पण रिकाम्या घरात आवाज घुमतो. आपलाच आवाज तसा मोठा होऊन परत येणं मला नको वाटलं. वाटलं, लवकर आलेलं गिऱ्हाईक असेल, मावशी बघेल. मी पुढच्या खिडकीकडे गेले.

खाली दार उघडल्याचा आवाज झाला. त्यानंतर काहीच नाही. पावलं नाहीत.

मी जिना उतरायला लागले तेव्हा त्याचं कारण मला दिसलं. दाराशी पांढऱ्या बुटांची जोडी, टाचा भिंतीला लावून, नीट शेजारी शेजारी. आजोबांनी घरात येताना बूट काढले होते. मोज्यांवर ते लाकडी फरशीवरून आवाज न करता आत गेले होते.

स्वयंपाकघराच्या कमानीत ते उभे होते. त्यांच्यापासून दहा फुटांवर मावशी, पाठ ओट्याला लावून, दोन्ही हात पुढे. पिस्तूल त्यांच्या स्वेटरच्या तिसऱ्या बटणाकडे रोखलेलं. तिचे हात थरथरत नव्हते. डेलने सांगितलेलं ते एकच खोटं ठरलं होतं. तिचा चेहरा मला ओळखू येत नव्हता.

आजोबांनी हात वर केले नाहीत. त्यांनी ओट्याकडे पाहिलं, शेगडीकडे पाहिलं, सगळं जागच्या जागी असूनही आपलं नाही, असं काहीतरी त्यांना दिसत असावं. मग त्यांनी तिच्याकडे पाहून हळू, शाळेतल्यासारख्या इंग्रजीत विचारलं, "व्हेअर इज लक्ष्मी?"

मी "मावशी" म्हणाले. तो आवाज तिला ऐकूही गेला नसेल. पण तिने चापावरचं बोट बाजूला घेतलं, हात खाली केले, पिस्तूल पाठीमागे नेलं आणि म्हणाली, "अंकल. सॉरी. राँग हाऊस." मग पुन्हा, "सॉरी, सॉरी." रिकाम्या घरात पेला नव्हता. मी माझी पाण्याची बाटली दिली. पाणी ते प्याले आणि तीच बाटली त्यांनी मावशीपुढे केली.

त्यांना घर सांगता येईना. आम्ही दोघी त्यांना मधे घेऊन निघालो. पुढचा करडा दरवाजा, त्याच्या पुढचा करडा दरवाजा. चौथ्या घरातून एक मुलगी धावत आली, पिठाने भरलेल्या हातांनी. तीच लक्ष्मी, त्यांची सून. "थर्ड टाइम, आंटी! काय करू मी यांचं?" ती हसत हिंदीत म्हणाली, आणि आम्हाला आत ओढलं, कॉफी घेतल्याशिवाय सोडेना. तिच्या घराचा नकाशा हुबेहूब तोच. मावशी त्याच ओट्याशी, त्याच जागी बसली, मांडीवर पर्स, हातात स्टीलचा पेला. आजोबा सुनेशी तेलुगूत काहीतरी बोलले. लक्ष्मीने हसून आम्हाला सांगितलं, "म्हणतायत, ही बाई फार घाबरली होती. तिला आधी कॉफी दे."

मावशीने पेला खाली ठेवला. तो तिला न सांडता ठेवता आला, एवढंच मला आठवतं. पिस्तुलाचं तिने लक्ष्मीला सांगितलं नाही. मीही नाही.

तीन आठवडे ती कामाला गेली नाही. शोइंग कॅन्सल केली, फोन उचलले नाहीत. घरात या खोलीतून त्या खोलीत फिरायची. कपाटं लावायची, पुन्हा काढायची. चौथ्या शनिवारी पोह्यांनंतर तिने नॅपकिन अंथरला आणि सगळ्या गोळ्या ओळीने उभ्या केल्या. एकतीस. जुनं रिव्हॉल्व्हरही काढलं होतं.

"यातल्या त्या दिवशी किती लागल्या असत्या?" तिने विचारलं.

काका लॅपटॉप बंद करून समोर बसले. या वेळी ते विनोद करणार नव्हते. "एक," ते म्हणाले. "आणि मग आयुष्यभर काही मोजायला नको. सगळं काढून टाक वीणा. एकही नको."

"पँट्रीत तू नव्हतास."

"नव्हतो."

"मला रोज नव्या माणसाला रिकाम्या घरात घेऊन जायचंय. काम सोडणार नाही मी."

"मग?"

तिने ओळीतल्या पाच बाजूला घेतल्या. बाकीच्यांकडे बघत राहिली. "पंधरा होत्या ना, तेव्हा मी कान लावलाच नाही. दार वाजलं आणि मी काढलं. हाक मारायची असते हे डोक्यातच आलं नाही. पाच घेऊन फिरायचे, तेव्हा आधी विचारायचे, कोण आहे म्हणून. कारण पाच म्हणजे काहीच नाहीत, असं वाटायचं."

"एकीनेही माणूस जातो."

"माहितीये," ती म्हणाली. "मला नको सांगूस. मी तो स्वेटर बघितलाय."

पिस्तूल तिने विकलं. पाच गोळ्यांचं रिव्हॉल्व्हर ठेवलं, वर एकही नाही. आयुष्यात तिने वर काही न ठेवलेली ती एकच गोष्ट असावी. काकांना ते पटलं नाही आणि त्यांनी ते लपवलंही नाही. मला काय वाटलं ते कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं, अजूनही येत नाही. डेलला तिने फोन करून सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मिस व्हीना, स्पेअर टायरचं मी उगाच बोललो का?" ती म्हणाली, "टायर ठीकच आहे. मीच तो घेऊन गाडी जोरात हाणायला लागले."

त्या उन्हाळ्यात मला डब्लिनला, म्हणजे ओहायोतल्या डब्लिनला, नोकरी लागली. विमानतळावर सोडायला मावशीच निघाली. मोजून तीन तास आधी, आणि वर अर्धा. वाटेत तिला एका घराचं कुलूप तपासायचं होतं, दहा मिनिटांचं काम. गाडीत मी वाक्य मनात जुळवत होते. त्या मार्चपासून जुळवतच होते.

"मावशी, त्या दिवशी ते आजोबा येताना मला वरून दिसले होते."

तिने आरसा बघितला, लेन बदलली. "खिडकीतून?"

"हो."

"आणि बोलली नाहीस."

"नाही. ओरडावं लागलं असतं."

पुढचा सिग्नल लाल झाला. थांबल्यावर तिने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं होतं ती रागावेल, किंवा जाऊ दे म्हणेल. तिने दोन्हीतलं काहीच केलं नाही. "अगं, एक हाक मारायची होतीस," म्हणाली. आणि सिग्नल हिरवा झाला.

त्या घरासमोर तिने गाडी रस्त्यावरच लावली. मी आतच बसले. ती भरभर दारापाशी गेली, लॉकबॉक्समधून किल्ली काढली, दार उघडलं आणि उंबऱ्याच्या बाहेरच उभी राहून मोठ्याने म्हणाली, "हॅलो! कोई है? कोण आहे आत? एनीबडी होम?" समोरच्या लॉनवर पाणी घालणारा माणूस वळून बघायला लागला. तिला पर्वा नव्हती. तिचा उजवा हात अंगाशी होता, पर्सवर की नुसता पोटावर, ते इथून दिसत नव्हतं. डाव्या हाताची बोटं एकेक करून मिटत होती. पाच झाल्यावर तिने पुन्हा एकदा तेच सगळं विचारलं, आणि मग आत गेली.

दार उघडंच होतं. आत अंधार दिसत होता. एक मिनिट गेलं, दोन गेली. लॉनवरचा माणूस पुन्हा पाणी घालायला लागला. मी काच खाली केली. वाक्य जुळवलं नाही.

"मावशी!" मी ओरडले. आवाज माझा नसल्यासारखा रस्त्यावर पसरला. "ठीक आहेस ना?"

आतून, लांबून, बहुधा स्वयंपाकघरातून उत्तर आलं.

"आहे गं! अजून एकदा मार हाक, नीट ऐकू आली नाही!"